साठ हजार फोटो आणि एकच हार्ड डिस्क

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरच्या डिजिटल फोटोंच्या साठवणीबद्दल आलेली काही पत्रं या अंकात घेतली आहेत. बहुतेकांनी विचारलंय, "कोणती हार्ड डिस्क घेऊ?" त्याआधीचा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: ज्या एका घटनेने पहिली प्रत जाईल, त्याच घटनेने दुसरीही जाईल का? खालची उत्तरं वाचताना तो डोक्यात ठेवा.

२००४पासूनचे घरचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत. साधारण ६२,००० फोटो आणि दीडेक हजार व्हिडिओ, मिळून ७४० जीबी. जुना लॅपटॉप, १ टीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क, दोन पेनड्राइव्ह आणि आम्हा दोघांचे फोन असे ते विखुरले आहेत. काही फोटो तीन-तीन ठिकाणी आहेत, काही एकाच ठिकाणी. एकत्र कसे करू आणि पुढे कसे सांभाळू? बजेट बेताचं आहे. — कोल्हापूर

काम पूर्ण होईपर्यंत एकही जुनी जागा रिकामी करू नका. 'कट-पेस्ट' अजिबात नको, फक्त 'कॉपी'. आवराआवरी चालू असताना लाइट जाते किंवा केबल हलते आणि अर्धे फोटो इकडचे ना तिकडचे होतात.

खरेदी एवढीच: २ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या दोन घेतल्या, तर बनावटीतला दोष दोन्हींत सारखाच असू शकतो. महागडी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी मेमरी चिपवर साठवणारी डिस्क) या कामाला नको. ती वेगवान आहे, पडली तरी सहसा टिकते, पण विजेविना वर्षानुवर्षं कपाटात राहिली की तिच्या पेशींतला विद्युतभार हळूहळू गळतो. पेनड्राइव्हमध्ये तर बहुधा हलक्या प्रतीचीच मेमरी असते. त्याचा उपयोग इकडून तिकडे नेण्यापुरता. नवी २ टीबीची डिस्क विंडोजवर १.८१ टीबी दिसेल. फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने. खरी फसवणूक म्हणजे दीड-दोन हजारांत मिळणारी '१६ टीबी'ची एसएसडी. तिच्यात छोटंसं कार्ड असतं आणि ते खोटा आकडा सांगतं. ते भरलं की पुढचे फोटो मुकाट्याने जुन्यांवर लिहिले जातात. शंका असेल तर 'एच२टेस्टडब्ल्यू' हा मोफत प्रोग्राम पूर्ण डिस्क लिहून-वाचून खरी क्षमता सांगतो.

घरात फक्त विंडोज असेल तर डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, मॅकही असेल तर एक्सफॅटमध्ये. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला एक खोड आहे: लिहिताना केबल ओढली गेली तर फायलींची यादीच बिघडू शकते. म्हणून 'इजेक्ट' केल्याशिवाय डिस्क काढायची नाही.

आता कॉपी. पहिल्या नव्या डिस्कवर 'आवक' नावाचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक जागेसाठी एक फोल्डर: लॅपटॉप, जुनी डिस्क, पेनड्राइव्ह १, आईचा फोन वगैरे. या टप्प्यावर काहीही निवडायचं नाही, वगळायचं नाही. सगळ्यात जुनं आणि एकाच ठिकाणी असलेलं आधी घ्या. नुसतं ओढून टाकण्यापेक्षा 'टेराकॉपी' वापरा आणि त्यातला पडताळणीचा पर्याय चालू ठेवा. तो मूळ फाइल आणि प्रत या दोन्हींचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा) काढून जुळवतो आणि न जुळलेल्या फायली वेगळ्या दाखवतो. लॅपटॉपचं पोर्ट यूएसबी ३चं असेल (आतली पट्टी बहुधा निळी असते) तर लहान फायली सेकंदाला सरासरी ६० एमबीने जातील असं धरा. ७४० जीबीला साडेतीन तास. यूएसबी २वर तेच काम सात तासांचं. पडताळणीचा वेळ वेगळा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद करा.

फोनमधले फोटो घेताना दोन ठिकाणी अडतं. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो फोनमध्ये नसतातच, ते आयक्लाउडवर असतात आणि केबलने तुमच्या हाती लागत नाहीत. ते आधी फोनवर उतरवून घ्यावे लागतील किंवा आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून. शिवाय आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, फोटोजच्या पानावर तळाशी, संगणकावर फोटो पाठवण्याचा पर्याय 'ऑटोमॅटिक' असतो. त्यात फोन चालता चालता प्रत्येक फोटो जेपेगमध्ये बदलत बसतो आणि शेदोनशे फोटोंनंतर विंडोज तक्रार करून थांबतं. 'कीप ओरिजिनल्स' करा. अँड्रॉइडवर कॅमेऱ्याचे फोटो डीसीआयएममध्ये असतात, पण व्हॉट्सॲपचे वेगळ्या जागी: 'अँड्रॉइड' फोल्डरात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर. केबलवरून एका वेळी दोन-तीन हजार फोटोच घ्या. पूर्ण ढीग उचलला की जोडणी तुटते आणि कुठवर आलं होतं ते कळत नाही.

सगळं जमल्यावर मग रचना. वर्षाचा फोल्डर, त्यात प्रसंगाचा, आणि नावाच्या सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस. 'गणपती', 'दिवाळी' असे नुसते फोल्डर दोन वर्षांत गोंधळ घालतात, कारण सण तिथीने येतो आणि फोल्डर अक्षरांनी लागतात. नक्कल शोधायला 'च्कावका' (Czkawka) किंवा 'ड्यूपगुरू' हे मोफत प्रोग्राम आहेत. फाइल बाइट-न-बाइट सारखी असेल तरच एक प्रत डोळे मिटून काढा. 'सारखे दिसणारे' फोटो शोधण्याच्या पर्यायात कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि व्हॉट्सॲपवर फिरून लहान झालेला फोटो एकाच गटात येतात. तिथे डोळ्यांनी बघायचं आणि मोठी फाइल ठेवायची. कंटाळा आला तर नकला राहू द्या. शंभर जीबी जास्त गेल्याने कुणाचं नुकसान होत नाही.

मग पहिल्या डिस्कवरून दुसरी करा. इथे 'फ्री-फाइल-सिंक' चांगला, पण त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' या दोन पर्यायांतला फरक समजून घ्या. मिरर म्हणजे डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही काढून टाकणं. डाव्या डिस्कवर २०११चा फोल्डर चुकून उडाला असेल, तर मिरर तो उजवीकडूनही तत्परतेने उडवेल. घरगुती कामाला 'अपडेट' बरा: नवीन आणि बदललेलं जातं, काहीही पुसलं जात नाही. बदललेल्या फायलींचं जुनं रूपही राहावं म्हणून त्यात 'व्हर्जनिंग'चा फोल्डर नेमून द्या.

आता जागा. ऑगस्ट २०१९चा पंचगंगेचा पूर तुम्हाला सांगायला नको. दुसरी डिस्क त्याच गल्लीत शेजाऱ्यांकडे ठेवून उपयोग नाही. पुण्याला बहीण असेल तर भाऊबीजेला जाताना घरची अद्ययावत डिस्क न्या, तिकडची परत आणा आणि घरी आल्यावर ती अद्ययावत करा. वर्षाला एक अदलाबदल होते आणि घरात काही झालं तरी फार तर वर्षभराची भर धोक्यात असते. ती भर तेवढी क्लाउडवर ठेवली की झालं. पूर्ण ७४० जीबी चढवायची सक्ती नाही. चढवायचेच असतील तर हिशेब असा: ४० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला ५ एमबी, म्हणजे सलग ४१ तास. चार-पाच रात्रींचं काम. मात्र योजनेतली महिन्याची डेटा मर्यादा आधी बघून घ्या.

जुनी १ टीबीची डिस्क पुसू नका. ती तिसरी प्रत म्हणून माळ्यावर नव्हे, कपाटात राहू द्या. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, घरातल्या सगळ्या डिस्क लावून बघा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होतेच, त्यातच या घ्या. प्रत्येक डिस्कवरून वेगवेगळ्या वर्षांचे वीसेक फोटो आणि दोन व्हिडिओ उघडा, आणि 'क्रिस्टलडिस्कइन्फो'मध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. तिथला कच्चा आकडा शून्याच्या वर गेला असेल तर ती डिस्क खराब सेक्टर मोजू लागली आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नका, तिची प्रत नव्या डिस्कवर घ्या. सी७ वाढला असेल तर आधी केबल बदला.

हार्ड डिस्क टेबलावरून पडली. आता लावली की टक-टक असा आवाज येतो आणि कधी कधी विंडोज 'फॉरमॅट करायची का' असं विचारतं. दुकानदार म्हणतो, चेक-डिस्क चालवून बघू. — लातूर

नको. केबल काढा आणि पुन्हा लावू नका.

तो आवाज म्हणजे वाचणारं हेड आपली जागा शोधतंय, ती सापडत नाही म्हणून मागे येतंय आणि पुन्हा प्रयत्न करतंय. हेड वाकलं असेल तर प्रत्येक फेरीत ते तबकडीवरचा थर खरवडत असतं, आणि खरवडलेला भाग कुणालाही परत आणता येत नाही. चेक-डिस्क हा फायलींची यादी दुरुस्त करणारा प्रोग्राम आहे. यांत्रिक बिघाड असलेल्या डिस्कवर तो तासन्‌तास हेड फिरवतो आणि यादीत न जुळणाऱ्या नोंदी कापून टाकतो. फ्रिजरमध्ये ठेवण्याचा उपायही विसरा, आत दव धरतं. खोकं उघडून डिस्क दुसऱ्या खोक्यात घालू म्हणाल, तर अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड डिस्कच्याच सर्किटवर असतं; आत वेगळी निघणारी साधी डिस्क नसतेच.

फोटो एकाच ठिकाणी असतील तर स्वच्छ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे द्या. देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर किती, आणि न उघडता डिस्क परत मिळेल का. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट असतो. डिस्क पुरात भिजली असेल तर हेअर ड्रायरने किंवा उन्हात वाळवू नका. पाणी वाळलं की त्यातला गाळ तबकडीवर चिकटून बसतो. ओलीच हवाबंद पिशवीत घालून पाठवा.

फोनवर सारखा 'स्टोरेज भरलं' असा इशारा येतो. गूगल फोटोजमधून फोटो काढले तर फोनमधलेही जातात का? १५ जीबीत जागा कशी करायची? — पिंपरी-चिंचवड

इशारा नेमका कशाचा आहे ते आधी पाहा, कारण साठवणी दोन आहेत: फोनची मेमरी आणि गूगल खात्याचे १५ जीबी.

फोन भरला असेल तर गूगल फोटोजमधला 'फ्री अप स्पेस' हा पर्याय क्लाउडवर पोचलेले फोटो फक्त फोनवरून काढतो. साध्या 'डिलीट'ने मात्र फोटो दोन्हीकडून जातो आणि बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. 'फ्री अप स्पेस' केल्यावर क्लाउडवरची प्रत तुमची एकुलती एक प्रत होते, हे विसरलं जातं.

खातं भरलं असेल तर फोटोंवर लगेच सुरी चालवू नका. ते १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांचे मिळून आहेत आणि २०२४पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. अनेकांची अर्धी जागा तिथेच गेलेली असते; व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमधून व्हिडिओ वगळा आणि फरक पाहा. दुसरं म्हणजे १ जून २०२१च्या आधी 'हाय क्वालिटी'मध्ये चढवलेले फोटो या जागेत धरलेच जात नाहीत. ते काढले तर फोटो जातील, जागा मिळणार नाही. आणि एकदा काढून पुन्हा चढवले तर मात्र मोजले जातील. मूळ आकाराचे फोटो 'स्टोरेज सेव्हर'मध्ये बदलण्याची सोय आहे, पण त्यात १६ मेगापिक्सेलवरचे फोटो तेवढ्यावर येतात, मोठे व्हिडिओ १०८०पीवर येतात आणि हे मागे फिरवता येत नाही.

म्हणून काहीही काढण्यापूर्वी 'गूगल टेकआउट'मधून सगळं उतरवून घ्या. यादीत फक्त फोटोज निवडा आणि झिपचा आकार १० जीबी ठेवा. ५० जीबीची एकच फाइल शेवटच्या टप्प्यात तुटली तर बराच वेळ वाया जातो. तयार झाल्याची मेल आली की आठवड्याच्या आत उतरवा, नंतर दुवा बंद होतो. सगळे झिप एकाच फोल्डरात उलगडा, कारण एखादा फोटो तिसऱ्या झिपमध्ये आणि त्याची जेसन फाइल चौथ्यात असं होतं. त्या जेसन फायली कचरा समजून काढू नका. गूगलमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेली ओळ आणि ठिकाण फोटोत नसून तिथे असतं. कॅमेऱ्याच्या फोटोंत त्यांची मूळ तारीख शाबूत असते, पण व्हॉट्सॲपचे फोटो आणि स्क्रीनशॉट उलगडल्यावर आजच्या तारखेचे होऊन बसतात. 'एक्झिफटूल' जेसनमधली तारीख फोटोत लिहू शकतो. आधी पन्नास फोटोंच्या प्रतीवर करून पाहा. अल्बममधले फोटो वर्षाच्या फोल्डरातही पुन्हा येतात, म्हणून आकडा फुगलेला दिसेल.

२००३ ते २०१०मधले फोटो साठेक सीडी आणि डीव्हीडींवर आहेत. काहींवर बुरशीसारखे डाग आहेत, काही संगणक वाचतच नाही. लग्नाची व्हिडिओ सीडीही त्यात आहे. — मालवण

साठ सीडी म्हणजे जास्तीत जास्त ४२ जीबी. डीव्हीडी असतील तर प्रत्येकी ४.७ जीबी. म्हणजे हा सगळा ठेवा एका लहान डिस्कवर मावतो, आणि कोकणातल्या दमट हवेत तो जितक्या लवकर तिथे जाईल तितकं बरं. या सीडींत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. तो थर उन्हाने आणि दमटपणाने फिका पडतो.

पुसायचं ते मऊ सुती कापडाने, शुद्ध केलेल्या पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाकून, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा माहितीच्या मार्गावरूनच जातो आणि तो यंत्राला सावरता येत नाही. चमकणाऱ्या बाजूचे ओरखडे आपण जपतो, पण सीडीत धोका वरच्या, नाव लिहायच्या बाजूला जास्त आहे: परावर्तक थर तिथे फक्त लाखेच्या पातळ थराखाली असतो. त्यावर बॉलपेनने लिहिलं असेल किंवा स्टिकर चिकटवलं असेल तर स्टिकर ओढून काढू नका, थर त्याच्यासोबत येईल. डीव्हीडीत हा थर दोन तबकड्यांच्या मध्ये असल्याने ती या बाबतीत दणकट.

न वाचणारी सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न दिसणारी सीडी दुसऱ्याला दिसते, हे नेहमीचं. विंडोजमध्ये साधी कॉपी वाईट फाइलपाशी अडकते. 'आयसोबस्टर'ने किंवा लिनक्सवरच्या 'डीडीरेस्क्यू'ने वाचा. तो जे मिळतं ते आधी उचलतो, न मिळालेल्या भागांची नोंद ठेवतो आणि तीच नोंद घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं काम करतो. एकाच सीडीवर दोन-तीन वेळा फोटो लिहिले असतील तर काही संगणकांना फक्त शेवटची खेप दिसते. सीडी रिकामी वाटली तरी आयसोबस्टरमध्ये सगळ्या खेपा पाहूनच ती बाजूला ठेवा.

लग्नाच्या व्हिडिओ सीडीत एमपेगएव्ही फोल्डरात डॅट फाइल असते. ती उचला, व्हीएलसीवर चालेल. चित्र ३५२ बाय २८८ एवढंच आहे, ते 'एचडी' करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय आहे. हंगामात पंचवीस लग्नं होतात. दोन डिस्कचा नॅस घेऊन रेड १ केलं की बॅकअपची काळजी मिटते, असं सांगतात. — नाशिक

मिटत नाही. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी, आणि रेड १ ही तिच्यातल्या डिस्क वापरण्याची एक पद्धत. रेड १मध्ये दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं, आणि पुसलंही दोन्हीकडे त्याच क्षणी जातं. एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा फायदा. खंडणीखोर व्हायरस, चोरी, आग, चुकीचं डिलीट यांपैकी कशापासूनही ते वाचवत नाही. आमचा सल्ला: आधी सुट्या डिस्क आणि शिस्त, नॅस नंतर.

हिशेब मांडू. हळद, लग्न, रिसेप्शन मिळून ४,००० रॉ फोटो (कॅमेऱ्याने जेपेगमध्ये न बदललेले, मूळ), प्रत्येकी २८ एमबी: ११२ जीबी. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे पाच-पाच तास म्हणजे ४५० जीबी. एका लग्नाचे साडेपाचशे-पावणेसहाशे जीबी, हंगामाचे १४ टीबी. हे सगळं जन्मभर सांभाळायचं नसतं. ऑर्डरच्या कागदावरच लिहा की अल्बम दिल्यानंतर मूळ फायली अमुक महिने ठेवल्या जातील. ती ओळ नसेल तर पाच वर्षांनी फोन येतोच.

कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर रॉ लिहा. एकावर जेपेग ठेवण्यात मोठी बचत नाही, पण रॉचं कार्ड गेलं तर हाती फक्त जेपेग उरतात. घरी आल्यावर कार्ड एसएसडीवर आणि त्याच बैठकीत एका ३.५ इंची डिस्कवर, दोन्ही वेळा पडताळणीसह. दोन प्रती जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही, आणि फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच. दुसऱ्या दिवशी आणखी एका डिस्कवर प्रत, आणि ती डिस्क स्टुडिओत राहायची नाही, घरी जायची. स्टुडिओतल्या बॅकअपच्या डिस्कची केबल कामाव्यतिरिक्त काढलेली हवी. जोडलेली डिस्क व्हायरसच्या दृष्टीने संगणकाचाच भाग असते.

लाइटरूम वापरत असाल तर बंद करताना तो जो बॅकअप घेतो तो फक्त कॅटलॉगचा. त्यात तुमची रंगसुधारणा आणि निवड असते, एकही फोटो नसतो. शिवाय वेगळी जागा सांगितली नाही तर तो कॅटलॉगच्याच शेजारी, त्याच डिस्कवर पडतो.

नॅस घेतलाच तर यूपीएस सोबत, आणि असा की लाइट गेल्याचं यूएसबीतून नॅसला सांगून त्याला नीट बंद करेल. ८ टीबीची डिस्क बदलल्यावर दुसरी प्रत उभी राहायला पंधराएक तास तरी लागतात. त्या वेळात उरलेली एकच डिस्क सगळा भार उचलत असते.

जुन्या कॅमेऱ्याचे फोटो जानेवारी २००८ दाखवतात, पण ते कितीतरी नंतरचे आहेत. व्हॉट्सॲपचे फोटो तर भलत्याच क्रमाने लागतात. — जळगाव

कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं आणि तिथून पुढे बरोबर चालतं. म्हणजे तारीख चूक असली तरी दोन फोटोंमधलं अंतर बरोबर असतं. ज्याची खरी वेळ ठाऊक आहे असा एक फोटो शोधा. समजा गणेशचतुर्थीची सकाळची आरती आहे आणि वर्ष २०१० हे आठवतंय: त्या वर्षी चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. वेळ फोटोतल्या भिंतीवरच्या घड्याळावरून घ्या. खरी वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ यांतला फरक काढा आणि 'डिजिकॅम' या मोफत प्रोग्राममध्ये तेवढे फोटो एकत्र निवडून वेळ तेवढी पुढे सरकवा. बॅटरी पुन्हा काढली असेल तर घड्याळ पुन्हा मागे गेलं असेल, म्हणून फाइल क्रमांक पुढे जातोय पण तारीख मागे उडी मारतेय अशा जागा आधी शोधा. प्रत्येक तुकड्याला वेगळा फरक लागेल.

व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्यातली तारीख आणि ठिकाण काढून टाकतं. अँड्रॉइडवर उरते ती फाइलच्या नावातली तारीख, आणि तीही फोटो काढल्याची नसून तुमच्या फोनवर आल्याची. बहुतेक वेळा दोन्हींत एक-दोन दिवसांचाच फरक असतो, तेव्हा एक्झिफटूलने नावातली तारीख फोटोत लिहून टाका. पुढच्या वेळी नातेवाइकांना सांगा की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. त्यात मूळ फाइल तशीच येते, तारखेसकट.

मुलगा टोरांटोत असतो. सगळे फोटो माझ्या गूगल खात्यात आहेत. माझ्यामागे त्याला ते कसे मिळतील? — ठाणे

गूगल खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खातं ३ ते १८ महिने वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या व्यक्तींना, जास्तीत जास्त दहा, तुम्ही निवडलेला डेटा उतरवून घेता येतो. मुलाचं नाव आजच घाला. हे केलं नाही तर दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. आयफोन असेल तर 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमा; त्याला मिळणारी किल्ली छापून ठेवा, नंतर तिच्यासोबत मृत्यूचा दाखला लागतो.

खरी अडचण ओटीपीची येते. रिचार्ज थांबला की सिम बंद होतं, काही महिन्यांनी नंबर दुसऱ्याला दिला जातो, आणि पासवर्ड ठाऊक असूनही दार उघडत नाही. खात्याच्या सुरक्षा पानावरून दहा बॅकअप कोड छापा आणि बँकेच्या कागदांसोबत ठेवा. तोवर मुलगा येईल तेव्हा सगळे फोटो असलेली एक डिस्क त्याच्या हातातल्या सामानात द्या, मोठ्या बॅगेत नको. पहिला मोठा गठ्ठा माणसासोबत जावा, पुढची भर नेटवरून.

फोल्डरांना मराठीत नावं दिली तर चालतात का? की इंग्रजीच बरी? — डोंबिवली

चालतात, आणि द्यावीत. फक्त युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या डीटीपी फॉन्टात नको. तारखेचे आकडे इंग्रजी ठेवा. देवनागरी आकडे पुष्कळ प्रोग्रामांना तारीख म्हणून ओळखू येत नाहीत.

नाव आटोपशीर हवं, त्याला कारण आहे. लिनक्सवर आणि बहुतेक नॅसवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते आणि देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते; मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्तही वेगळा मोजला जातो. 'ज्ञानेश्वरी' दिसायला चार अक्षरं, पण खुणा अकरा आणि बाइट ३३. म्हणजे ८५ खुणांत नाव संपलं पाहिजे. काही नॅसवर एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरात ही मर्यादा १४३ बाइटवर येते, तिथे ४७ खुणाच. विंडोजवर चाललेला फोल्डर तिथे कॉपी होताना नाव लांब असल्याची चूक येते, ती यामुळे. 'आजीचं सहस्रचंद्रदर्शन' बिनधास्त लिहा. कार्यालयाचं नाव, गाव आणि यजमान तिथे कोंबू नका.

आणि एक खास आपली भानगड. 'ऱ' हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं, एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असं. फोनवर टाइप केलेलं 'वऱ्हाड' आणि संगणकावर टाइप केलेलं 'वऱ्हाड' दिसायला एकच, पण शोधताना सापडेलच असं नाही. लग्नाचा फोल्डर मिळेना झाला तर 'हाड' टाकून शोधा.